स्वमग्नता आणि बालमेंदूविज्ञान: संशोधकाची प्रकाशन-सूची कशी वाचावी

स्वमग्नता (ऑटिझम) किंवा बालकांच्या मेंदूविकासाचा अभ्यास नव्याने हाती घेणाऱ्यांना संशोधकांची पारख करण्याची वेळ फार लवकर येते. कुणाला संशोधनासाठी मार्गदर्शक निवडायचा असतो, कुणाला एखाद्या व्याख्यानातला दावा पडताळायचा असतो, तर कुणा पालकाला आपल्या मुलाच्या उपचारांच्या संदर्भात ज्याचे नाव सतत कानावर पडते त्याने प्रत्यक्षात काय शोधले हे जाणून घ्यायचे असते. अशा वेळी शंभर-दोनशे शोधनिबंधांची यादी समोर येते आणि ती वरून खाली वाचत गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. निबंधांची संख्या मोजत बसण्याऐवजी त्या संशोधकाने कोणता प्रश्न धरून ठेवला, तो कोणत्या मुलांवर आणि कोणत्या मोजमापाने तपासला, आणि पुढच्या पुराव्याने स्वतःच्याच निष्कर्षाला धक्का दिला तेव्हा त्याने काय केले, याचा माग काढावा. तो कसा काढायचा, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: पूर्ण आणि निर्भेळ यादी मिळवणे

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील यादी बहुधा जुनी किंवा निवडक असते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. सुरुवात ऑर्किड क्रमांकापासून करावी. २०१२ पासून दिला जाणारा हा सोळा अंकी क्रमांक एकाच व्यक्तीचा असतो आणि सारख्या नावांमुळे होणारा घोळ तो टाळतो. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या पबमेड या निःशुल्क सूचीत आणि गूगल स्कॉलरवर तेच नाव शोधावे. या दोन्हींच्या उणिवा वेगवेगळ्या आहेत. पबमेडचा भर वैद्यक आणि जीवविज्ञानावर असल्याने शिक्षणशास्त्र, भाषाविज्ञान आणि मानसशास्त्रातले बरेच लेखन तिथे सापडत नाही, आणि स्वमग्नतेच्या अभ्यासाचा मोठा भाग तर याच शाखांत होतो. गूगल स्कॉलर सगळेच गोळा करते, पण कधीकधी दोन वेगळ्या माणसांचे निबंध एकाच नावावर चढवते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे सुरुवातीचे काम शोधातून निसटते, हेही ध्यानात ठेवावे.

मिळालेली यादी साध्या तक्त्यात उतरवावी. वर्ष, लेखनाचा प्रकार, लेखकांच्या रांगेतील स्थान, मुलांची संख्या आणि वय, मोजमापाची पद्धत, आणि ही मुले कोणत्या प्रकल्पातून आली, एवढे रकाने पुरतात. सगळे रकाने पहिल्याच दिवशी भरले जाणार नाहीत. शेवटचा रकाना मात्र रिकामा राहू देऊ नये. त्याचे कारण पुढे येईलच.

दुसरी पायरी: लेखनाचे प्रकार वेगळे करणे

यादीतले सगळे लेखन एका तोलाचे नसते. स्वतः माहिती गोळा करून लिहिलेला मूळ शोधनिबंध, इतरांच्या कामाचा आढावा घेणारा समीक्षालेख, अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करणारे मेटा-विश्लेषण, चाचणी सुरू होण्याआधी छापलेला आराखडा, संपादकीय, संपादकांना पत्र आणि पुस्तकातले प्रकरण यांना वेगवेगळ्या खुणा कराव्यात. बायोआर्काइव्ह (२०१३ पासून) आणि मेडआर्काइव्ह (२०१९ पासून) या परीक्षणाआधीचे मसुदे खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळांवरचा मसुदा पुढे नियतकालिकात छापून आला असेल, तर दोन्ही मिळून एकच नोंद धरावी, आणि तो छापून आला नसेल तर त्याचे तज्ज्ञांकडून परीक्षण झालेले नाही हे लिहून ठेवावे.

याच वेळी आणखी एक विभागणी करावी. मेंदूविज्ञानातले पुष्कळ काम उंदरांवर होते, कारण एखादे जनुक निकामी केल्यावर चेतापेशींच्या जोडण्यांत काय फरक पडतो हे माणसाच्या मुलात तपासता येत नाही. हे काम मोलाचे आहे. मात्र शीर्षकात उंदरांचा उल्लेख नसतो आणि सारांशाच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत तो कळतो, असे अनेकदा होते. ‘सामाजिक वर्तनात सुधारणा’ म्हणजे एका उंदराने दुसऱ्या उंदराजवळ जास्त वेळ घालवला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून मुलांवरचे काम आणि प्राण्यांवरचे काम यांचे रकाने वेगळे असावेत.

तिसरी पायरी: लेखकांची रांग समजून घेणे

जीववैद्यकीय क्षेत्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे असते आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे. मधल्या नावांबद्दल तर्क लढवण्यापेक्षा निबंधाच्या शेवटी दिलेले योगदानाचे निवेदन वाचावे. बरीच नियतकालिके आता चौदा ठरावीक भूमिकांच्या चौकटीत ते मागतात आणि संकल्पना कुणाची, विश्लेषण कुणाचे, निधी कुणी मिळवला हे त्यातून कळते. जनुकशास्त्रातल्या मोठ्या संघनिबंधांत लेखकांची संख्या शंभराच्या पुढे जाते. २०२० साली ‘सेल’मध्ये आलेल्या आणि १०२ जनुकांचा स्वमग्नतेशी संबंध दाखवणाऱ्या निबंधासारख्या कामात अनेक देशांतल्या गटांनी नमुने पुरवलेले असतात. त्यांचे योगदान खरे असले, तरी त्यावरून मधल्या एखाद्या सहलेखकाला जनुकशास्त्रज्ञ समजू नये.

चौथी पायरी: यादी काळाच्या पटावर मांडणे

आता यादी जुन्याकडून नव्याकडे लावावी आणि शेजारी निदानाच्या व्याख्यांचा इतिहास ठेवावा. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन केले. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा ठोस पुरावा मांडला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे निदान स्वतंत्र नावाने १९८० साली आले, अॅस्परगर विकाराची भर १९९४ साली पडली, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही सगळी उपनिदाने ‘स्वमग्नता वर्णपट विकार’ या एकाच नावाखाली गेली. या विषयाच्या सर्वात जुन्या नियतकालिकाचे नाव १९७१ साली सुरू होताना ‘जर्नल ऑफ ऑटिझम अँड चाइल्डहुड स्किझोफ्रेनिया’ असे होते आणि १९७९ साली ते ‘जर्नल ऑफ ऑटिझम अँड डेव्हलपमेंटल डिसऑर्डर्स’ झाले, यावरूनही विचार किती बदलला हे दिसते. त्यामुळे दीर्घ कारकिर्दीच्या संशोधकाच्या १९८५ च्या निबंधातली मुले आणि २०१८ च्या निबंधातली मुले एकाच निकषाने निवडलेली नसतात. त्याच्या दोन निष्कर्षांत फरक दिसला, तर आधी निकष तपासावेत.

काळाच्या पटावर मांडलेली यादी बोलकी कशी होते, हे एका सर्वज्ञात उदाहरणावरून पाहू. अमी क्लिन आणि वॉरन जोन्स यांच्या गटाने २००२ साली किशोरवयीन मुले व तरुण प्रौढ यांना चित्रपटातले प्रसंग दाखवले आणि त्यांची नजर पडद्यावर कुठे जाते ते टिपले. स्वमग्न व्यक्ती पात्रांच्या डोळ्यांकडे कमी पाहत असल्याचे त्यात आढळले. २००८ साली हाच प्रश्न त्यांनी दोन वर्षांच्या मुलांबाबत विचारला. २०१३ साली ‘नेचर’मधल्या निबंधात ते जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपर्यंत गेले. पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या बाळांची नजर सुरुवातीला डोळ्यांकडे होती, पण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान ती उतरत गेली, असे त्यांनी नोंदवले. या निबंधातला अंतिम निदान झालेल्या बाळांचा गट लहान होता. २०२३ साली ‘जामा’मध्ये त्यांनी १६ ते ३० महिन्यांच्या ४७५ मुलांवर, सहा केंद्रांतून, नजरेच्या मोजमापाची तज्ज्ञांच्या निदानाशी तुलना केली. तेव्हा स्वमग्न मुलांपैकी ७१ टक्के मुले चाचणीने ओळखली आणि स्वमग्न नसलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलांना तसे अचूक सांगितले. एकच प्रश्न वीस वर्षे धरून ठेवणे, दर वेळी वय खाली आणणे, आणि शेवटी मोठ्या गटावर, तपासणारे व निदान करणारे वेगळे ठेवून, त्या प्रश्नाची कसोटी घेणे अशी ही वाटचाल आहे. शेवटचे आकडे डोळे दिपवणारे नाहीत, आणि ते जसेच्या तसे छापले गेले याला माझ्या लेखी मोठे मोल आहे. या तंत्रावर आधारित उपकरण बनवणाऱ्या कंपनीशी दोघांचा आर्थिक संबंध आहे आणि तो निबंधांत जाहीर केलेला आहे. वाचकाने ही गोष्टही तक्त्यात लिहावी.

पाचवी पायरी: मुले कुठून आली ते शोधणे

या क्षेत्रात एकाच मुलांच्या गटावर दहा-पंधरा निबंध निघणे स्वाभाविक आहे. स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांचा जन्मापासून पाठपुरावा करणारे अभ्यास याचे उत्तम उदाहरण आहेत. २०११ साली अशा ६६४ भावंडांपैकी १८.७ टक्के मुलांत तीन वर्षांच्या वयापर्यंत स्वमग्नतेचे निदान झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणामुळेच मेंदूचा विकास निदानाआधी पाहण्यासाठी ही भावंडे अभ्यासली जातात. बाळ सहा महिन्यांचे असताना सुरू झालेल्या अभ्यासाचा निकाल ते तीन वर्षांचे होईपर्यंत लागत नाही. म्हणून अशा संशोधकाच्या यादीत दोन-तीन वर्षे सामसूम दिसली, तर घाईने निष्कर्ष काढू नये. त्या काळात मुले मोठी होत असतात.

दुसरीकडे, खुल्या माहितीसंचांवर झटपट निबंध लिहिता येतात. एबाइड हा मेंदूच्या प्रतिमांचा संच २०१२ साली खुला झाला. त्यात १७ केंद्रांतून आलेल्या १,११२ व्यक्तींची माहिती आहे आणि जगभरातल्या शेकडो गटांनी ती वापरली आहे. यात गैर काही नाही, उलट माहिती खुली करणे हे मोठेच काम आहे. परंतु एकाच संचावरचे वीस निबंध म्हणजे वीस स्वतंत्र पुष्ट्या नव्हेत. तक्त्यातला शेवटचा रकाना भरला असेल, तर हे लगेच दिसते.

सहावी पायरी: एक निबंध अगदी जवळून वाचणे

यादीतला सर्वाधिक गाजलेला मूळ निबंध निवडावा आणि सारांशावर न थांबता पद्धतीचा भाग वाचावा. मुले कोण होती, निदान कोणी आणि कोणत्या साधनाने केले, तुलनेचा गट कोणता होता, आणि मोजले ते नेमके काय, हे चार प्रश्न हाताशी असावेत. निरीक्षणासाठी एडॉस आणि पालकांच्या मुलाखतीसाठी एडीआय ही साधने प्रशिक्षित व्यक्तीने वापरली असतील, तर निदानाची बाजू भक्कम असते. निव्वळ पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून मुलांचे गट पाडले असतील, तर निष्कर्ष तेवढ्याच जपून घ्यावा.

आकडे कसे वाचायचे, हे दाखवण्यासाठी २०१७ साली ‘नेचर’मध्ये आलेला हेदर हॅझलेट आणि सहकाऱ्यांचा निबंध घेऊ. धाकट्या भावंडांच्या मेंदूच्या प्रतिमा सहा आणि बारा महिन्यांच्या वयात घेतल्या आणि मेंदूच्या बाह्यपटलाच्या पृष्ठफळाच्या वाढीवरून कोणाला दोन वर्षांच्या वयात स्वमग्नतेचे निदान होईल याचा अंदाज संगणकीय पद्धतीने बांधला. ३४ मुलांना पुढे निदान झाले होते आणि त्यांतली ३० अचूक ओळखली गेली. निदान न झालेल्या १४५ मुलांपैकी ७ जणांना चुकीने ‘होईल’ असे सांगितले गेले. म्हणजे ‘होईल’ असे सांगितलेल्या ३७ मुलांपैकी ३० बाबत अंदाज खरा ठरला, आणि हे प्रमाण ८१ टक्के भरते. काम देखणे आहे यात शंका नाही.

आता हेच गणित सर्वसाधारण मुलांवर करून पाहावे. समजा, १,००० बाळे आहेत आणि त्यांपैकी ३० पुढे स्वमग्न ठरणार आहेत. पद्धतीची अचूकता तीच राहिली असे धरले, तर ३० पैकी २६ ओळखली जातील, आणि उरलेल्या ९७० पैकी सुमारे पाच टक्के, म्हणजे ४७-४८ बाळांच्या आईवडिलांना विनाकारण धसका बसेल. ८१ टक्क्यांवरून विश्वासार्हता थेट ३५ टक्क्यांच्या आसपास घसरते. पद्धत तीच, आकडे तेच, फक्त मुले कोणत्या गटातून आली ते बदलले. निबंधाचे लेखक हे काम भावंडांपुरतेच मांडतात. ‘स्कॅनवरून स्वमग्नता ओळखता येते’ असे सरसकट विधान बातमीत किंवा व्याख्यानात ऐकू आले, तर ही मर्यादा कोणी गाळली ते पाहावे. संशोधक स्वतःच्या पुढच्या समीक्षालेखांतही ती मर्यादा सांगत असेल, तर तो विश्वासास पात्र आहे.

मेंदूच्या प्रतिमांबाबत खास दक्षता

मेंदूची क्रिया चुंबकीय प्रतिमांतून टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात मुलाला काही मिनिटे निश्चल पडून राहावे लागते. २०१० पर्यंतच्या अनेक निबंधांत असे मांडले होते की स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत दूरच्या भागांमधला दुवा क्षीण असतो आणि जवळच्या भागांमधला अधिक बळकट. २०१२ साली जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डोके अगदी किंचित हलले, तरी मोजमापात नेमका हाच आकृतिबंध उमटतो. स्वमग्न मुले यंत्रात सरासरीने जास्त हालचाल करत असतील, तर मेंदूतला फरक आणि मानेची हालचाल यांची गल्लत होणार हे उघड आहे. म्हणून २०१२ च्या आधीचे आणि नंतरचे निबंध वेगळे ठेवावेत, आणि नंतरच्या निबंधांत हालचाल कशी मोजली, किती मुलांची माहिती वगळली, हे शोधावे. ज्या संशोधकाने आपलाच जुना निष्कर्ष हालचालीचा विचार करून पुन्हा तपासला असेल, त्याच्या नावापुढे ठळक खूण करावी.

यातूनच आणखी एक प्रश्न उभा राहतो. निश्चल पडून राहू शकणारी, सूचना समजणारी, बोलू शकणारी मुलेच अशा अभ्यासांत येतात. २०१६ साली स्वमग्नताविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा आढावा घेतला असता त्यांतल्या स्वमग्न सहभागींपैकी सुमारे ९४ टक्के बौद्धिक अक्षमता नसलेले निघाले. ज्या मुलांना आणि ज्या घरांना मदतीची सर्वाधिक गरज आहे, तीच संशोधनाबाहेर राहतात, ही बाब मला अतिशय अस्वस्थ करते. संशोधकाच्या यादीत न बोलणारी मुले, बौद्धिक अक्षमता असलेली मुले आणि मुली कितपत दिसतात, याची नोंद घ्यावी. ज्याने त्यांच्यासाठी पद्धत बदलली, झोपेत प्रतिमा घेतल्या किंवा घरी जाऊन मोजमाप केले, त्याच्या निबंधांची संख्या कमी असणे साहजिक आहे.

सातवी पायरी: निष्कर्षाचे पुढे काय झाले

उपचारांशी संबंधित निबंध असेल, तर ही पायरी टाळू नये. १९९८ साली सिक्रेटिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनानंतर तीन मुलांत सुधारणा झाल्याचा अहवाल आला आणि असंख्य पालकांनी त्यासाठी धावाधाव केली. १९९९ पासूनच्या नियंत्रित चाचण्यांत बनावट औषधापेक्षा (तुलनेसाठी दिलेल्या, औषधी घटक नसलेल्या द्रव्यापेक्षा) अधिक लाभ दिसला नाही. ऑक्सिटोसिनबाबत लहान अभ्यासांनी वर्षानुवर्षे आशा जागवली, पण २०२१ साली २९० मुलांवर २४ आठवडे चाललेल्या चाचणीत सामाजिक वर्तनात औषध आणि बनावट औषध यांत लक्षणीय फरक आढळला नाही. लहान, उत्साहवर्धक निबंध छापणारा आणि पुढची मोठी चाचणी निष्फळ ठरल्यावर तीही तेवढ्याच स्पष्टपणे छापणारा संशोधक मिळाला, तर त्याचे काम सविस्तर वाचावे. चाचणी सुरू होण्यापूर्वी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हसारख्या नोंदवहीत मुख्य मोजमाप कोणते लिहिले होते आणि निबंधात कोणते छापले, हे ताडून पाहायला दहा मिनिटे लागतात. नोंद झालेली पण निकाल कधीच न छापलेली चाचणी हीदेखील प्रकाशन-सूचीचाच भाग समजावी.

मागे घेतलेले निबंध पबमेडवर स्पष्ट सूचनेसह दिसतात आणि रिट्रॅक्शन वॉचच्या सूचीतही शोधता येतात. गोवर-गालगुंड-रुबेला लशीला स्वमग्नतेशी जोडणारा, १२ मुलांवरचा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला निबंध २०१० साली मागे घेण्यात आला. त्याला मिळालेली उद्धरणे, म्हणजे इतर निबंधांनी केलेले त्याचे उल्लेख, हजारोंच्या घरात आहेत.

उद्धरणे आणि निर्देशांक यांबद्दल म्हणून फार लिहीत नाही. होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवलेला एच-निर्देशांक (प्रत्येकी किमान तितकी उद्धरणे मिळालेल्या निबंधांची संख्या) वयाबरोबर वाढतो, मोठ्या संघांत काम करणाऱ्याचा झपाट्याने वाढतो, आणि निबंध खरा ठरला की खोटा हे सांगत नाही. दोन वेगळ्या शाखांतल्या माणसांची त्यावरून तुलना करू नये.

आठवी पायरी: निधी आणि हितसंबंध

प्रत्येक निबंधाच्या शेवटची ही चार वाक्ये वाचावीत. औषध कंपनीचा निधी चटकन नजरेत भरतो, पण या क्षेत्रात उपचारपद्धतीचे प्रशिक्षण देणे, निदानसाधनाची रॉयल्टी घेणे किंवा स्वतःचे केंद्र चालवणे हेही हितसंबंधच आहेत. ते जाहीर केले असतील, तर आपण निबंध सावधपणे वाचू शकतो. जाहीर केलेले नसतील आणि बाहेरून कळले असतील, तर त्या पद्धतीवर स्वतंत्र गटाने काय शोधले ते आधी वाचावे. स्वमग्न व्यक्तींना आणि पालकांना अभ्यासाची आखणी करताना विचारले होते का, हेही हल्ली काही नियतकालिके लिहून घेतात, तिकडेही लक्ष द्यावे.

शेवटची पायरी: अर्ध्या पानाचे टिपण

हे सगळे झाल्यावर तक्ता बाजूला ठेवून अर्धे पान लिहावे. या संशोधकाचा मुख्य प्रश्न कोणता, तो किती स्वतंत्र मुलांच्या गटांवर तपासला, कोणता निष्कर्ष दुसऱ्या गटांनी पुन्हा मिळवला, कोणता बदलला किंवा सोडून दिला, आणि कोणत्या मुलांबद्दल या कामातून काहीच कळत नाही, एवढे त्यात यावे. त्यातले एखादे वाक्य तक्त्यावरून लिहिता येत नसेल, तर तेवढ्यापुरता निबंध पुन्हा उघडावा, आणि तरीही उत्तर मिळाले नाही तर निबंधावर दिलेल्या पत्त्यावर संशोधकाला थेट लिहावे. प्रश्न नेमका आणि निबंध वाचून विचारलेला असला, तर पुष्कळ संशोधक आपुलकीने उत्तर देतात आणि कधीकधी न छापलेला तक्ताही पाठवतात.